आपल्यात चालत नाही

मोरीच्या कठड्यावर उपडी घातलेली ती चपटी — अजून ओली, तोंडाशी पाण्याचा एक थेंब अडकलेला, पडतही नाही आणि वाळतही नाही — आणि तिच्या पोटावरचं ते सोनेरी काठाचं लेबल, चुलीवर उकळत्या पाण्यात घातल्यावरसुद्धा एका कोपऱ्यापुरतंच सुटलेलं. उमाबाईने नखाने तो कोपरा उचलून पाहिला आणि पुन्हा अंगठ्याने दाबून बसवला. राहू दे. असू दे लेबल. बघू कुणाकुणाला वाचता येतं ते.

काल दवाखान्यातून निरोप आला होता, की रक्ताचा रिपोर्ट आलाय, उद्या पेशंटला घेऊन या, आणि येताना सकाळची पहिली लघवी एका स्वच्छ बाटलीत आणा. स्वच्छ बाटली! या घरात बाटल्या म्हणजे एक रॉकेलची, एक एरंडेलाची… आणि ही. परवा गादी उन्हात टाकायला उचलली तेव्हा पायथ्याकडच्या उसवलेल्या शिवणीत, कापसात नीट जागा करून बसवलेली. रिकामी. डोळे हळदीसारखे पिवळे झालेला, पावलं सुजलेला, अन्नावरची वासना उडालेला माणूस निजतो त्या गादीत. तेव्हा ती ओरडली नाही. तिने चपटी पदराखाली घेतली, डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि काठीने गादी बडव बडव बडवली. शेजारच्या केवळाबाई कुडावरून म्हणाल्या, किती धूळ गं माय. हो ना, किती धूळ.

आता हीच न्यायची. जिने केलं तिनेच निस्तरावं.

हल्ली तिच्या तोंडात ‘हे’ असतं आणि मनात ‘तो’. तोंडाने ती म्हणते, ह्यांना जेवण जात नाही. आणि मन म्हणतं, त्याला म्हणावं पी अजून. लग्न होऊन मुखेडहून आली तेव्हा आतबाहेर एकच होतं. मन्मथ तेव्हा तालुक्याच्या कचेरीत साधा कारकून, संध्याकाळी पायात चपला अडकवून भाजी आणणारा, कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. मग जिल्हा झाला. लातूर जिल्हा झाला म्हणून चौकात पेढे वाटले, हलगी वाजली, आणि ह्याची बदली नव्या कचेरीत झाली — टंचाईच्या टेबलावर. पाऊस नाही म्हणून टंचाई, टंचाई म्हणून टँकर, टँकर म्हणून टँकरवाले, आणि टँकरवाले म्हणजे नांदेड रोडवरचा ढाबा. कुणाच्या गावाला पाणी कधी जायचं हे ज्याच्या टेबलावर ठरतं, त्याला लोक कोरडा कसा ठेवतील? ‘अगं, जिल्हा नवीन आहे, ओळखी ठेवाव्या लागतात,’ असं तो म्हणायचा. ठेवल्या ओळखी. मुलूखभर घागरी रिकाम्या आणि याच्या पोटात… जाऊ दे. जाऊ का द्यायचं? का म्हणून जाऊ द्यायचं?

तिला कळलं ते वासाने नाही. वास सुपारीखाली लपतो. तिला कळलं खुंटीवरून. आपल्यात गळ्यातलं लिंग मरेपर्यंत उतरवत नाहीत, अंघोळीत नाही, बाळंतपणात नाही. आणि एका संध्याकाळी ‘कचेरीत काम आहे’ म्हणून तो गेला, तर देवळीशेजारच्या खुंटीला ती चांदीची डबी दोऱ्यासकट लटकत होती. आधी वाटलं दोरा तुटला असेल. दोरा धड होता. म्हणजे प्यायला निघताना देवाला घरी ठेवून जाण्याइतकी लाज होती त्याला! आणि ती लाज बघून तिला जास्तच चीड आली, कारण ज्याला एवढं कळतं त्याला पुढचं कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? मग रोज संध्याकाळी खुंटी बघायची सवयच लागली. अशीच एकदा बघायला गेली तर आत्याबाई, म्हणजे तिची सासू नागुबाई, तिच्या आधी तिथं. त्यांनी डबी खुंटीवरून काढली, पदराने पुसली, कपाळाला लावली, देवळीत ठेवली आणि वर एक बेलाचं पान ठेवलं. वळून सुनेकडे बघितलं. नागुबाई भाकरी थापायला गेल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं!

आणि तरी त्या दवाखान्यात…

आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी मन्मथची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि अगदी सहज, नाव-गाव विचारावं तसं विचारलं, ‘पिता का?’ मन्मथने तोंड उघडलं होतं. उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याच्या आधी नागुबाई बोलल्या, कपाळावरच्या विभूतीसकट ताठ होऊन: ‘आमच्यात चालत न्हाई, डॉक्टरसाहेब.’ झालं. डॉक्टरही याच मुलखातले. त्यांनी विभूती बघितली, गळ्यातली डबी बघितली, मान हलवली आणि पाण्याची कावीळ ठरवून मोकळे झाले. दुष्काळात गढूळ पाणी, कावीळ व्हायचीच. पाणी उकळून प्या, ग्लुकोज घ्या, आराम करा. घरी आल्यावर नागुबाईंनी चाकूरच्या कुणा काविळीवाल्याचा पाला मागवला, तो उपाशीपोटी, वरून उसाचा रस. आणि पिवळेपणा वाढतच गेला. वाढेल नाही तर काय! दुखणं एक आणि इलाज भलत्याचाच. चालत नाही म्हणे. चालत नाही म्हणजे होत नाही, असं कुणी सांगितलं? चालत नाही म्हणूनच तर गादीत शिवून ठेवावी लागते ना!

पाण्याची कावीळ म्हटल्यावर पाणी शोधायला नको? कचेरीतला व्यंकट दुसऱ्याच दिवशी भेटायला आला. ह्याच्याबरोबर ढाब्यावर बसणारा, ह्याला स्कूटरवर घालून घरी आणणारा, तोच तो. उशाशी बसला, लिंबं ठेवली — आणि गादीत काय ठेवून गेला ते आता कळतंय — आणि नागुबाईंना विचारलं, पाणी कुठलं वापरता.

‘प्यायला मठाचं. वापरायला त्या कोंडाबाईच्या इहिरीचं,’ नागुबाई म्हणाल्या. ‘चूळ भरताना गेलं आसंल तोंडात. म्या तर पैल्यापासून म्हणून राहिले…’

काय म्हणून राहिल्या होत्या ते त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती; या मुलखात अशी वाक्यं अर्धीच बोलतात आणि ऐकणाऱ्याला ती पुरी ऐकू येतात. कोंडाबाईची विहीर गल्लीच्या टोकाला, निळ्या झेंड्याच्या पलीकडे. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा ग्यानोबा दिवसा सरकारी कामावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी त्याच हातांनी आपल्या दाराशी ही विहीर खणायचा. ग्यानोबा गेला, विहिरीचं पाणी राहिलं. यंदा नळ कोरडे पडले तेव्हा सगळी गल्ली, जिने कधी तिकडे नीट बघितलं नव्हतं ती सगळी गल्ली, घागरी घेऊन तिथं उभी राहिली आणि कोंडाबाईने एकालाही परत पाठवलं नाही. आणि व्यंकटने काय केलं? दिवस मावळायच्या आत माणूस पाठवला, विहिरीच्या कठड्यावर तांबडी फुली मारली, खाली लिहिलं ‘पिण्यास अयोग्य’, आणि बाभळीच्या फांद्या टाकून तोंड बंद केलं. साहेबाला कावीळ झाली होती ना! पोराबाळांसकट सगळी गल्ली तेच पाणी पीत होती, एकाचेही डोळे पिवळे झाले नव्हते, पण ते कोण बघतो? नाचता येईना अंगण वाकडं. व्यंकट पुन्हा आला, ‘वहिनी, करून टाकला बंदोबस्त,’ म्हणाला, आणि उमाबाईने नवऱ्याकडे बघितलं. मन्मथने भिंतीकडे कूस वळवली.

ती कूस! त्याने मला मारलं असतं तरी मी एखादे दिवशी विसरले असते. पण ती कूस काही केल्या विसरता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती या घरात एकट्या उमाबाईला ठाऊक होती. मठाचा आड पाडव्यालाच आटला होता. नागुबाईंचा प्यायचा हंडा वेगळा, तांब्याचा, तो मठाच्या आडावरूनच भरायचा असा घरचा रिवाज. पण आडात नुसता गाळ दिसला, तळपत्या उन्हात एवढ्या लांबून रिकामा हंडा परत आणावा लागला, तेव्हा उमाबाईने तो गल्लीच्या टोकालाच भरला आणि गुपचूप आत आणून ठेवला. नागुबाई प्याल्या. म्हणाल्या, ‘मठाच्या पाण्याची गोडीच न्यारी.’ उन्हाळाभर त्या हेच म्हणतायत. विहीर बंद झाल्यावरही उमाबाई रोज पहाटे जाते; कोंडाबाई काठीने बाभळीची फांदी उचलून धरते आणि घागर आत सोडू देते. एका शब्दाने विचारत नाही, की बाई, पाणी वाईट हाय तर मग तुम्ही कामून नेता? विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती फांदी धरून उभी राहते आणि निघताना म्हणते, ‘जपून, काटा हाय.’

‘ह्याच्यात?’ मन्मथ म्हणाला.

तो मोरीच्या दाराशी, भिंतीला हात टेकून उभा होता. बंडी खांद्यावर ढगळ झालेली, पोट मात्र पुढे. उमाबाईने चपटी त्याच्यापुढे धरली होती.

‘दुसरी बाटली नाही.’

‘लेबल तरी काढ.’

‘निघत नाही.’

त्याने तिच्याकडे बघितलं. पिवळ्या डोळ्यांतलं काही वाचता येत नाही, त्यात भीती किती आणि दुखणं किती ते कळत नाही. त्याने बाटली घेतली. त्याच्या हातातली काच कठड्यावर टकटक वाजली. तिला क्षणभर तो हात धरावासा वाटला, आणि त्या वाटण्याचाच इतका राग आला की ती तरातरा आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवू लागली. बघा, हे असं आहे. धड रागावूही देत नाही हा माणूस! मरायला निघालेल्यावर मनासारखं रागावताही येत नाही. आणि निघालाच होता तो. तिला ते कुणी सांगायला नको होतं, त्याच्या पावलावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. खरं कळेपर्यंत डॉक्टर पाण्याचाच इलाज करत राहणार, आणि खरं सांगायला या घरात कुणाला तोंडच नाही. लेक गेला तरी चालेल, पण चालत नाही म्हटलेलं खोटं पडायला नको! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अरे, पण मुठीत आहे काय ते तरी बघा. विस्तव धरलाय मुठीत, आणि हात भाजतोय तो माझा.

मन्मथ आणि नागुबाई सायकलरिक्षात बसले, उमाबाई पाठोपाठ पायी. तिच्या पिशवीत नागुबाईंचा फिरकीचा तांब्या, ‘मठाच्या’ पाण्याने भरलेला, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली चपटी. चालताना दोन्ही एकमेकांवर आपटून खणखणत होती. गल्लीच्या टोकाला ती तांबडी फुली उन्हात अजून ओली असल्यासारखी चकाकत होती, आणि तिच्याखाली दगडावर बसलेली कोंडाबाई रिक्षा बघून उठून उभी राहिली.

‘कसं हाय सायबाचं?’

रिक्षा थांबली नाही. नागुबाईंनी पदर नाकाला लावला. मन्मथ रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत राहिला, जणू त्या पाठीवर काही लिहिलेलं होतं.

‘दवाखान्यात चाललोय,’ उमाबाई म्हणाली.

‘व्हईल बरं, माय. व्हईल.’

होईल बरं! हिने शिव्या का घालू नयेत? ती हातातली काठी आपटून, उभ्या गल्लीला ऐकू जाईल असं हिने का बोंबलू नये? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथं संन्यासीच म्हणतोय चोराला बरं वाटू दे. उमाबाईला कोंडाबाईचाही राग आला. म्हाताऱ्या, सोसणाऱ्या, काटे उचलून धरणाऱ्या सगळ्या बायांचा आला, त्यात स्वतःचाही होता. ती भरभर चालू लागली आणि पिशवी आणखी खणखणली.

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या नागुबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, की लेक कलेक्टर कचेरीत आहे, टंचाईचं सगळं त्याच्याच हातात, दिवसरात्र काम करून अंगात ताकद राहिली नाही, त्यात पाणी बाधलं. शेजारची बाई चुकचुकली. उमाबाईने पिशवी मांडीवर घट्ट धरली. आत फडक्यातून काचेचा ऊबदारपणा मांडीला लागत होता, आणि तिला आपण हे खरंच करणार आहोत का याची खात्री वाटेना. आयत्या वेळी बाटली पिशवीतच राहिली तर? तर काय, घरी परत, पुन्हा पाला, पुन्हा रस, आणि मग एक दिवस मुखेडहून बाप येईल, भाऊ येईल, सगळे म्हणतील बिचारा पाण्याने गेला…

डॉक्टरांनी मन्मथला टेबलावर निजवलं आणि उजव्या बरगडीखाली बोटं रोवली. ‘श्वास घ्या.’ मन्मथ कळवळला.

‘लिव्हर चांगलंच सुजलंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘पाण्याची कावीळ एव्हाना उतरणीला लागायला हवी होती. ही चढतेच आहे. आणि रक्तही वेगळंच सांगतंय.’ त्यांनी चष्मा काढला. ‘मी पुन्हा विचारतो. पिता का?’

‘आमच्यात…’ नागुबाई म्हणाल्या.

उमाबाईने पिशवीत हात घातला. फडकं सोडलं, चपटी टेबलावर ठेवली आणि तिचं लेबल डॉक्टरांकडे फिरवलं.

‘सकाळची पहिली,’ ती म्हणाली.

वर पंखा फिरत होता. आतली लघवी इतकी गडद, इतकी मूळच्या मालाच्याच रंगाची, की दाराशी उभ्या असलेल्याला वाटावं बाटली अजून फोडलेलीच नाही. डॉक्टरांनी ती उचलली, लेबल वाचलं, मागची बाजू वाचली. हसले नाहीत.

‘ही कुठे मिळाली?’

‘ह्यांच्या गादीत. परवा.’

‘कधीपासून?’ हे त्यांनी मन्मथला विचारलं.

मन्मथ पंख्याकडे बघत होता. आवाज इतका बारीक आला की उमाबाईलाही पुढे वाकावं लागलं. ‘जिल्हा झाल्यापासून,’ तो म्हणाला.

मग डॉक्टर भडकले, आणि ते भडकले म्हणून उमाबाईला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. इतके दिवस ती एकटीच रागावलेली होती. आठवडाभर मला आंधळं ठेवलंत, ते म्हणाले; मी विभूती बघून गप्प बसलो ही माझी चूक, पण तुम्ही? पाला आजपासून बंद, त्या पाल्याचंही ओझं लिव्हरवरच पडतं. ताप असो, अंग दुखो, मला विचारल्याशिवाय एक गोळी नाही. पाय सुजलेत, मीठ कमी करा. उपाशी ठेवू नका, उसाच्या रसावर माणूस उभा राहत नाही. डाळ, दूध, शेंगदाण्याचं कूट, थोडं थोडं पण दिवसभर पोटात गेलं पाहिजे. ‘आणि हे,’ बाटलीकडे त्यांनी नुसती मान केली, ‘थेंबभरही नाही. सणाला नाही, साहेबाला नाही, ओळखीसाठी नाही. लिव्हर सोशीक असतं. सोडलीत तर पुष्कळ भरून येतं. पण एकदा दगड झालं की माझ्याही हातात काही नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं.’ एकदम सोडल्यावर हात कापतील, घाम फुटेल, भलतंसलतं दिसायला लागेल, ते घरी आवरायचं नाही, म्हणून मागच्या खोलीत खाटेवर त्यांनी त्याला ठेवूनच घेतलं.

‘भरून येईल का?’ उमाबाईने विचारलं.

‘आज सांगता येत नाही. उशीर झालाय. पण आता निदान कशाशी गाठ आहे ते तरी कळलं.’

मागच्या खोलीत नागुबाईंनी तिचं मनगट धरून तिला खाटेपासून लांब नेलं. ‘टांगलीस ना आब्रू येशीला?’ त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. ‘आपलेच दात, आपलेच ओठ. कुणापाशी बोलावं, अन् तू…’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, लेकासाठीचं होतं, हे उमाबाईला दिसत होतं आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं. ‘झालं ते झालं. गल्लीत काई सांगायचं न्हाई. पाण्याचंच म्हणायचं. त्या इहिरीचंच.’

‘आत्याबाई, मठाचा आड पाडव्याला आटला.’

‘काय?’

‘आटला. उन्हाळाभर तुम्ही पिताय ते त्याच विहिरीचं पाणी. मी भरते. आज तुमच्या तांब्यात आहे तेही तिथलंच. झाली तुम्हाला कावीळ? मला झाली?’

नागुबाईंचा हात गळ्याशी गेला. लिंगाची डबी मुठीत धरून त्या उभ्याच राहिल्या. आता या शाप देतील, तांब्या फेकतील, ओकारी काढतील… उमाबाई तयार होती, तिला ते हवंच होतं. निदान भांडून तरी मोकळं होता आलं असतं. पण खाटेवरून मन्मथ म्हणाला, ‘आई, पाणी.’

नागुबाईंनी तांब्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. मग फिरकी उघडली, पेल्यात पाणी ओतलं आणि लेकाची मान उचलून त्याच्या ओठाला लावलं. ‘हळू,’ त्या म्हणाल्या. स्वतः मात्र प्याल्या नाहीत.

उमाबाई खाटेजवळ गेली. ‘त्या विहिरीवरची फुली कोण पुसणार?’

‘व्यंकटला सांगतो,’ मन्मथ डोळे मिटून म्हणाला. ‘बरा झालो की.’

‘आणि नाही झालात तर?’

‘शिव शिव!’ नागुबाई म्हणाल्या.

हे बोलायला नको होतं. बोलले ते बरं केलं. दोन्ही तिला एकदमच वाटलं आणि त्यातलं कुठलंच दुसऱ्याला हटवेना. मन्मथचा हात चादरीबाहेर आला आणि तिच्या पदराच्या टोकाशी थांबला. त्याने पदर धरला नाही. तिनेही तो पुढे केला नाही.

घरी येऊन तिने दवाखान्यात न्यायला त्याचे कपडे काढून ठेवले, डाळ शिजायला टाकली, मीठ हातात घेतलं आणि परत बरणीत टाकलं. भर दुपार. वाटलं होतं, बाटली टेबलावर ठेवली की हलकं होईल. कुठलं हलकं! उलट राग पसरतच चालला होता. सकाळी तो एका माणसापुरता होता, आता त्यात व्यंकट होता, विभूतीला भुलणारा डॉक्टर होता, पेढे वाटणारा चौक होता, अर्धी वाक्यं बोलणारी आणि पुरी ऐकणारी ही सगळी गल्ली होती. आणि रोज पहाटे अंधारात हंडा भरून गुपचूप परत येणारी मी होते. तिने प्यायच्या हंड्यात डोकावून बघितलं. तळाला वाटीभर पाणी. उद्या पहाटेपर्यंत थांबायचं? का म्हणून?

ती हंडा आणि घागर घेऊन उन्हात बाहेर पडली. केवळाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. विहीर बंद झाल्यापासून गल्लीत येणाऱ्या टँकरपाशी रांगेत उभ्या असलेल्या बायांनीही बघितलं. विहिरीशी कोंडाबाई लगबगीने उठली.

‘आत्ता? बाई, लोक बगतील.’

‘बघू द्या.’

फांदी उमाबाईने स्वतःच ओढली. काटा तळहातात घुसला, तिने हात झटकलासुद्धा नाही. कोंडाबाईने घागर घेऊन आत सोडली.

‘मावशी, त्यांची कावीळ पाण्याची नाही. दारूची आहे.’

बोलून झाल्यावर तिने वाट बघितली. खाली घागर बुडल्याचा आवाज आला. कोंडाबाई दोर ओढू लागली, हातावर हात, सावकाश.

‘मालूम हाय की,’ ती म्हणाली. ‘समद्या गल्लीला मालूम हाय. पोळ्याच्या वक्ताला दोघं बी स्कूटरवरून पडले व्हते हितं, माझ्या दारात. म्याच उठवून बसवलं सायबाला. ह्याच इहिरीचं पाणी मारलं तोंडावर.’

‘मग फुली मारायला आले तेव्हा बोलला का नाहीत?’

‘बोलले की.’ घागर काठाला आली. कोंडाबाईने ती हंड्यात ओतली, एक थेंब सांडू दिला नाही. ‘त्या व्यंकट सायबाच्या माणसालाच बोलले. तर त्यो म्हनला, म्हातारे, पुरावा हाय का? तुमच्यात नुसतं चालत न्हाई म्हनलं की झालं, बाई. आमच्या तोंडाला पुरावा लागतो.’

ती रागाने बोलली नव्हती. हवापाण्याचं बोलावं तशी बोलली आणि पुन्हा घागर आत सोडली. सगळ्यांना ठाऊक होतं. तिने गादी बडवली तेव्हाही, वाटेवर पिशवी खणखणली तेव्हाही. ती जपत होती ते गुपित नव्हतंच. ती जपत होती ते नुसतं खोटं होतं, उघड्यावर पडलेलं, सगळ्यांनी मिळून बघायचं नाही असं ठरवलेलं.

‘उमाबाई,’ केवळाबाईंनी दारातून हाक मारली. ‘काय म्हनले गं डॉक्टर? पाण्याचंच निगालं न्हवं?’

आवाजात माया होती. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्या चादर पुढे करत होत्या — घे माय, झाक. त्या मायेनेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं एकदाच बोलावं लागलं होतं, तेही सासूने. खरं मात्र दारोदार सांगत फिरावं लागणार होतं. आता इथं, उद्या कचेरीत त्या व्यंकटसमोर, मग मुखेडला बापासमोर, आणि तो तिकडे खाटेवर वाचला तर पुन्हा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर. राग गेला नव्हता. पण सकाळी तो घशात अडकून बसला होता तसा आता नव्हता. खाली उतरून पायांत आला होता, आणि पाय उन्हाने भाजत असूनही जागचे हलत नव्हते.

तिने तळहातातला काटा दातांनी उपसून थुंकला, पदर कमरेला खोचला आणि केवळाबाईंच्या दाराकडे, टँकरच्या रांगेकडे तोंड केलं.

‘ऐकू येतंय ना सगळ्यांना तिथून?’ ती म्हणाली.